यादीतलं पहिलं कॉलेज

संगमेश्वर
२० जून २०२६

चि. विनोद,

आशीर्वाद लिहितो, कारण मी मोठा आहे. बाकी हे पत्र आशीर्वादाचं नाही.

गुरुवारी दुपारी मी बाजारात गेलो होतो, तेवढ्यात तू दर्शनाला फोन केलास. पाच वर्षांत घरात तुझा एक फोन नाही. आईच्या पहिल्या वर्षश्राद्धाला आला नाहीस, आणि घरचा गणपती सोडून भांडुपला दोन खोल्यांत वेगळा गणपती बसवलास. का बसवलास ते विचारायला मी आलो नाही आणि सांगायला तू आला नाहीस. आता एकदम फोन, तोही वहिनीला, तोही मी घरात नसताना! पोस्टातल्या माणसाला विचारून हे पत्र स्पीडपोस्टाने टाकतोय. पूर्वी रजिस्टर होतं, ते बंद करून यातच घातलंय म्हणे. का घातलं ते कोणी सांगत नाही. फोनवर मी बोलणार नाही. फोनवर बोललेलं माणूस उद्या नाकारतो, कागदावरचं नाकारता येत नाही.

दर्शनाने सांगितलं ते असं: शमिकाला मुंबईच्या सरकारी कॉलेजात पाठवा, ती आमच्याकडे राहील, जेवणाखाण्याचं आम्ही बघू, अक्षयापण तयार आहे. अक्षयापण! तुझ्या बायकोने माझ्या पोरीला शेवटचं पाहिलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

तुला सगळं ठाऊक असणारच, तरी लिहितो. शमिकाने रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, एक्क्याण्णव टक्के पडले. आता इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं आहे. कॉलेजांची यादी ऑनलाइन द्यायची, आवडीच्या क्रमाने. तिचं पहिलं नाव मुंबईचं सरकारी कॉलेज. मुलींना शिकवणीची फी माफ आहे, ते मला कळतं. पण मुंबईत राहणं, खाणं, पास, हे कोण माफ करणार? माझं पेन्शन तुला माहीत आहे, ते सांगायचीसुद्धा लाज वाटते. दुसरं एक कॉलेज हायवेलगत नवीन झालंय, खासगी, घरून जाऊन-येऊन करता येईल. घरचं जेवण, घरचं अंथरूण. शमिकाला ते नको आहे. ती तिथे जाऊन बघून आली आणि म्हणाली, "बाबा, लॅबमधल्या मशिनींवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाय."

म्हणजे मुंबई परवडायची असेल तर ती फक्त तुझ्या घरामुळे परवडते. नेमक्या त्याच वेळी तुझा फोन येतो. बत्तीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची बारा तिकीट तपासण्यात. गाडीत चढल्या चढल्या जो माणूस हसून नमस्कार करतो, त्याच्याच खिशात तिकीट नसतं. तू फोनवर हसत होतास असं दर्शना म्हणाली.

तुला काय हवंय ते सरळ लिही. काजूची बाग हवी असेल तर तसं लिही. घराच्या कागदांवर सही हवी असेल तर तसं लिही.

सदूदादा


४ जुलै

चि. विनोद,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. "मला काही नको. पोरीला शिकू दे. कराडसारखं होऊ नये एवढंच." आणि खाली सही.

'मला काही नको' असं जो लिहून देतो त्याला काहीतरी हवंच असतं. हे मी दर्शनाला वाचून दाखवलं तर ती तव्यावरची भाकरी तशीच ठेवून बाहेर आली. म्हणाली, "तुमाला देवळात कोणी फुकट प्रसाद दिला तरी तुमी इचाराल, यात तुजा काय डाव हाय?" ती नेहमीच तुझी बाजू घेते.

आणि कराडचं नाव कशाला काढलंस? तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वेळी बाबा अंथरुणाला खिळलेले, घरात कमावणारा मी एकटा. तू डिप्लोमा करून बसला होतास आणि मुंबईत कंपनी तुला घ्यायला तयार होती. तू गेलास आणि घर तरलं. यात कोणाचं काय चुकलं? कराडच्या इंजिनीअरिंग कॉलेजात तुझा नंबरच लागला नाही, त्याला कोण काय करणार? पुन्हा ते उकरू नकोस.

इथली हकीकत. शमिकाचा फॉर्म संगमेश्वरला तहाच्या सेवा केंद्रात भरला. तहा चांगला मुलगा आहे, पण तोही एकेक कागद स्कॅन करताना इतका गोड बोलतो की मला बसवेना. मोबाइल नंबर मी माझाच टाकायला लावला. ओटीपी माझ्याच फोनवर येणार, म्हणजे माझ्या नजरेआड काही व्हायचं नाही. पासवर्डही डायरीत लिहून घेतलाय. शमिका म्हणाली, "बाबा, तुमचा माझ्यावरपण विश्वास नाय?" मी म्हटलं, तुझ्यावर आहे गो, जगावर नाही. तिने मात्र लॉगिन तुला कळवलंय, 'काकांना यादी बघू दे' म्हणून. मला हे नंतर कळलं. आता तिची यादी बघणारे तिघे झाले: ती, मी आणि तू.

त्या हायवेवरच्या कॉलेजातून एक गृहस्थ घरी येऊन गेले. टाय लावलेले, पण वागायला साधे. चपला बाहेर काढून आत आले. मला 'साहेब' म्हणाले. एसटीतला जुना काळ विचारत तासभर बसले. एका गाडीत बावीस विनातिकीट पकडले होते तो किस्सा मी सांगितला तर पोट धरून हसले. घरातल्या कोणी आजवर तो किस्सा पुरता ऐकलेला नाही. जाताना छत्री आणि कॉलेजचं माहितीपत्रक देऊन गेले. सांगायचं एवढंच की सगळी माणसं वाईट नसतात.

सदूदादा


१६ जुलै

चि. विनोद,

यादी भरून झाली आणि पक्की, म्हणजे लॉकसुद्धा झाली. त्याविषयी लिहितो. हे पत्र तुझ्याजवळच ठेव, शमिकाला काही बोलू नकोस.

मला आठ दिवस झोप नव्हती. पोरीचं मुंबईचं खूळ एकीकडे, तुझं 'मला काही नको' दुसरीकडे. शेवटी मी ग्रामदेवतेकडे कौल लावायला गेलो. तुला माहीत आहे, आपल्याकडे लग्न, घर, बाग, काही करायचं झालं की आधी कौल. रावजी गुरवाने पाषाणाला दोन्ही बाजूंना पाकळ्या लावल्या आणि मला म्हणाला, "इचार." मी विचारलं, "देवा, माझी पोर विनोदच्या घरात ठेवू का?" उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग डावी पडली. माझ्या डोळ्यांदेखत पडली.

यावर आता कोण काय बोलणार? तूही लहानपणी त्या पायरीवर बसलेला आहेस.

म्हणून मी क्रम जरा सारखा केला. हायवेचं कॉलेज तिने पाचवं टाकलं होतं, ते पहिलं केलं. मुंबईचं दुसरं. मी काही काढून टाकलेलं नाही. एसटीत आपण आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो आणि मग आत जाऊन चांगली बघतो ना, तसंच हे. आधी हातातली जागा धरायची. पुढे प्रवेशाच्या आणखी दोन-तीन फेऱ्या असतात, तेव्हा मुंबईचं बघता येईल. तोवर तुझ्या मनात काय आहे तेही कळेल.

मला कॉम्प्युटरचं कळत नाही. त्या टायवाल्या गृहस्थांना फोन केला तर ते लॅपटॉप घेऊन घरीच आले. "साहेब, पाच मिनिटांचं काम," म्हणाले. मी डायरीतला पासवर्ड दिला, फोनवर आलेला आकडा वाचून दाखवला, झालं. शमिका त्या वेळी मैत्रिणीकडे देवरुखला गेली होती. संध्याकाळी तिला सांगितलं की तहाकडे जाऊन लॉक करून घेतलं. ती म्हणाली, "बरं केलंत, माझी फेरी वाचली."

हे तुला लिहिलं नसतं तरी चाललं असतं. पण तू लॉगिन उघडून बघशील आणि मला चोर म्हणशील, त्यापेक्षा मीच लिहितो.

सदूदादा


३० जुलै

विनोद,

प्रवेशाची पहिली फेरी काल लागली. शमिकाला हायवेचं कॉलेज मिळालं.

नियम मला माहीत नव्हता. यादीतलं पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप पक्की होते. पुढच्या फेऱ्यांत मग नाव धरत नाहीत. घ्यायचं तर हे घ्या, नाहीतर फेऱ्यांतून बाहेर व्हा. त्या गृहस्थांना हे माहीत होतं का? फोन केला तर म्हणाले, "साहेब, अभिनंदन!" दुसऱ्यांदा केला तेव्हा उचलला नाही. मुंबईच्या कॉलेजात तिच्याहून दोन टक्के कमी असलेल्या मुलीला जागा लागली, हे शमिकाने मला मोबाइलवर दाखवलं. तिच्याच वर्गातली मुलगी.

ती रडली नाही. यादी उघडून बसली आणि मोठ्याने हिशोब लावू लागली. "ओटीपी फक्त लॉक करताना लागतो, क्रम त्याआधी नुसत्या पासवर्डवर बदलता येतो. लॉगिन माझ्याकडे, बाबांच्या डायरीत आणि काकांकडे. मी केलेलं नाय. बाबा असं करणार नायत. मग राहिलं कोण?" मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो. दर्शना चहाचा कप घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी कप घेतला.

मग तिने तुला फोन लावला, तो माझ्यासमोरच. काय बोलली ते तू ऐकलंच आहेस. आमच्या घरावर सूड उगवलात म्हणाली. तुमच्या घरात मला मोलकरीण म्हणून न्यायचं होतं ते जमणार नाय दिसल्यावर हे केलंत, असंही म्हणाली. हे मोलकरणीचं मीच जूनमध्ये कधीतरी जेवताना बोललो होतो, तिला ते पाठ होतं.

तू काय उत्तर दिलंस ते मला ऐकू आलं नाही. तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "काका काहीच बोलले नायत. फक्त म्हणाले, दोन दिवस थांब, घाईत काय करू नको."

विनोद, माझं १६ तारखेचं पत्र तुझ्याजवळ आहे. सगळं त्यात लिहिलंय, माझ्या हाताने. त्याचा फोटो काढून तिला पाठवला असतास तर अर्ध्या मिनिटात तू सुटला असतास. का पाठवला नाहीस? काय साठवून ठेवतोयस? मी काल रात्रभर याच गोष्टीचा विचार केला आणि मला काही सापडलं नाही.

आज सकाळी दूध आणायला गेलो तर तहा वाटेत भेटला. स्कूटर थांबवून म्हणाला, "चाचा, लॉक करायला तुम्ही माझ्याकडे आलाच नव्हता. शमिका विचारून गेली. मी म्हटलं, आठवत नाही. एकदा म्हटलं, परत विचारलं तर खोटं बोलणार नाही." आणि निघून गेला. त्याच्या गोड बोलण्यावर मी संशय घेतला होता.

जागा स्वीकारायची शेवटची वेळ ४ तारखेला संध्याकाळी पाचची आहे.

सदू


५ ऑगस्ट

विनोद,

काल मी पुन्हा देवळात गेलो होतो. रावजीला म्हटलं, कौल असा कसा दिला देवाने, पोरीचं वाटोळं झालं. रावजी दिव्यात तेल घालत होता. म्हणाला, "सदू, तू इचारलंस काय? इनूच्या घरात पोर ठेवू काय, एवढंच. पोरीनं कुठं शिकावं ते इचारलंस? होस्टेलचं इचारलंस? देव इचारलं तेवढंच सांगतो." मग म्हणाला, "त्या दिवशी तू पोरीसाठी आलाच नव्हतास रं."  पायरीवर बराच वेळ बसलो.

घरी आलो तेव्हा तीन वाजले होते. शमिका मोबाइल समोर ठेवून बसली होती. हायवेचं कॉलेज घ्यायचं की सोडायचं ते तिने ठरवलं नव्हतं. घेतलं तर तीन वर्षं तिथे, सोडलं तर हातात काही नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. काका नाही, मी. पासवर्ड मी दिला, आकडा मी वाचून दाखवला, तहाकडे गेलो हे खोटं.

ती मला म्हणाली, "का?" एवढंच.

मी म्हटलं, काकाच्या मनात काय आहे याचा मला संशय होता. आणि हे बोलताना माझ्या लक्षात आलं की हेसुद्धा खोटं आहे. मग मी तिला कराडचं सांगितलं. ते आजवर दर्शनालाही सांगितलेलं नाही, म्हणून तुला इथे लिहून देतो. १९९६ च्या जुलैत तुझं पाकीट आलं, कराडच्या कॉलेजचं. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं. थेट दुसऱ्या वर्षाला तुझी निवड झाली होती आणि आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. मी ते आठ दिवस युनिफॉर्मच्या खिशात ठेवलं. रोज वाटायचं, आज देतो. नवव्या दिवशी ट्रंकेत टाकलं आणि तुला म्हटलं, नंबर लागला नाही वाटतं. तू महिनाभर पोस्टमनची वाट बघत होतास ते मी बघत होतो. जाळून का टाकलं नाही ते मला आजही सांगता येत नाही.

आई गेल्यावर ट्रंक तू उघडलीस. त्या दिवशी तू ते पाकीट घेऊन न जेवता निघून गेलास आणि त्याच साली गणपती वेगळा केलास. कारण काय, असं मी गावभर विचारत फिरलो, पण मला ते माहीत होतं. तुझा फोन आला त्या दिवसापासून तुला काय हवंय हेही मला माहीत होतं. बाग नको होती तुला, सही नको होती. माझ्या हातून ते पुन्हा होऊ नये एवढंच तुला हवं होतं. तू तसं लिहूनही दिलंस आणि मी त्यात डाव शोधत बसलो. ती तुझ्या घरी राहिली असती, एखाद दिवशी तू तिला ते पाकीट दाखवलं असतंस, याची मला भीती वाटली. खरं कारण तेवढंच आहे. तू तर माझं नवं पत्रसुद्धा तिला दाखवलं नाहीस.

माझी चूक झाली. तेव्हाही आणि आताही. माफ कर असं लिहवत नाही, कारण तू केलंस तरी पोरीची जागा परत येत नाही.

शमिकाने सगळं ऐकून घेतलं. मग तिने तहाला फोन केला आणि मुंबईच्या कॉलेजची चौकशी केली. त्याने सांगितलं ते असं: फेऱ्या संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागा कॉलेजातच भरतात, त्यासाठी अर्ज देऊन तिथे समोर हजर राहावं लागतं, गुणांप्रमाणे नावं पुकारतात. इलेक्ट्रिकलला एखादी राहील, नाहीतर एकही राहणार नाही. म्हणजे हातातली जागा सोडून नसलेल्या जागेमागे जायचं. मी म्हटलं, हायवेचं घे, पुढच्या वर्षी बघू. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

साडेचार झाले, पावणेपाच झाले. दर्शना मागच्या दारात जाऊन बसली. मोबाइल चटईवर होता. मला वाटत होतं ती हात पुढे करील. पाच वाजून गेले आणि तिने मोबाइल उचलून चार्जिंगला लावला. आता तिच्या हातात कुठलंच कॉलेज नाही.

नंतर ती तुझ्याशी फोनवर बोलली, दार लावून. रडत होती एवढं कळलं. बाहेर आली आणि आईला म्हणाली, "काका दादरला घ्यायला येणार हायत." उद्या सकाळच्या गाडीने निघतेय. होस्टेलचा अर्जही देणार आहे, तोवर तुमच्याकडे. अक्षयाला सांग, तिला पित्ताचा त्रास आहे, उपाशी राहू देऊ नकोस. सकाळी उठवायला लागेल. अभ्यासाच्या वेळी ती कोणाशी बोलत नाही, त्याचा राग मानू नका.

स्टेशनवर सोडायला येऊ का विचारलं तर नको म्हणाली. हे पत्र तिच्याबरोबर देतोय. तिने वाटेत वाचलं तर वाचू दे, यात तिला न सांगितलेलं काही नाही.

जागा मिळाली तरी बाबांना कळवणार नाही, असं तिने दर्शनाला सांगितलंय. तिचं बरोबर आहे. तू कळव. मिळाली तर सवडीने कळव. नाही मिळाली तर त्याच दिवशी कळव, म्हणजे तिला मला जे बोलायचं असेल ते तिच्या तोंडून ऐकायला मी तिथे येईन.

सदू